यादीतलं नाव सोडायचं नाही

तुझा सिनॉप्सिस वाचला. 'महाराष्ट्रातील लोकशाहीचे बदलते स्वरूप' हे शीर्षक समितीला आवडेल, समित्यांना अशीच शीर्षकं आवडतात. पण सकाळी एसटीतून उतरल्यावर तू नेमकं काय करणार, ते त्यात कुठेच दिसत नाही. स्वरूप बदललं का, हे तू कुणाला विचारणार आहेस? चावडीवर बसलेल्या आजोबांना? ते दोन तास बोलतील, चहा पाजतील, आणि तुझ्या वहीत एकही आकडा नसेल.

माझं ऐकशील तर एक विधानसभा मतदारसंघ घे, दोन निवडणुका घे आणि प्रश्न एकच ठेव. २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या आल्या, महायुतीच्या १७, आणि सांगलीत अपक्ष निवडून आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला एकट्या भाजपच्या १३२ जागा, आणि आघाडीच्या तिन्ही पक्षांना मिळून पन्नाशी गाठता आली नाही. सहा महिन्यांत कोण फिरलं, किती फिरलं, की फिरलं कुणीच नाही आणि नवे लोकच मतदानाला बाहेर पडले? एवढ्या प्रश्नावर पीएचडी होते, वर दोन-चार निबंध उरतात. शीर्षक समितीसाठी राहू दे हवं तर.

आता कामाचं. बॅगेत आधी मतदारयादी टाक, प्रश्नावली नंतर. नमुना यादीतूनच काढायचा. पद्धत साधी आहे: केंद्रावर ९०० मतदार आणि तुला ३० जण हवेत, तर दर तिसावं नाव. पहिलं नाव चिठ्ठी टाकून ठरवायचं. चिठ्ठीत ११ निघाला तर ११, ४१, ७१ असं पुढे जायचं. नावं एकदा निघाली की ती काळ्या दगडावरची रेघ.

खरी परीक्षा गावात गेल्यावर होते. ७१ नंबरची बाई मळ्यात राहते, ओढ्यापलीकडे. ऊन मी म्हणतंय. आणि इथे रस्त्यालगतच्या घरातली बाई दारात उभी राहून म्हणते, "या की ताई, मला विचारा, मी सांगते." तिच्याकडे पाणी पी, हवं तर गप्पा मार, पण तिची मुलाखत घ्यायची नाही. ओढा ओलांडायचा. बरोबरची मुलं कुरकुरतील, "मॅडम, बाईच्या जागी बाईच घेतली, काय फरक पडतो?" फरक असा पडतो की सहज सापडणारी माणसं सगळीकडे एकाच जातकुळीची असतात. दुपारी घरी असणारी, रस्त्याला घर असणारी, परक्या माणसाशी बोलायची सवय असणारी. मळ्यातली, पालावरची, रोजंदारीला गेलेली माणसं एकेक करून गळतात. मग तुझ्या कागदावर जे उरतं, त्याला तू महाराष्ट्र म्हणणार.

हे मी उगाच ताणत नाही. रजनी कोठारींनी १९६३मध्ये दिल्लीत सीएसडीएस हे संशोधन केंद्र काढलं आणि १९६७च्या निवडणुकीत तिथल्या लोकांनी देशपातळीवर मतदारांचं सर्वेक्षण केलं. पुढे त्यांच्याच 'लोकनीती'ने, म्हणजे योगेंद्र यादव, सुहास पळशीकर वगैरे मंडळींनी, हे काम नेमाने चालवलं. नव्वदच्या दशकातल्या सर्वेक्षणांतून यादवांनी दाखवून दिलं की दलित, गरीब, खेड्यातला मतदार हा सुखवस्तू शहरी मतदारापेक्षा मतदानात मागे नाही, बरेचदा पुढेच आहे. पाश्चात्त्य पुस्तकं वाचून आलेल्यांना हे उलटंच वाटलं, कारण तिथे शिकलेला, पैसेवाला माणूस जास्त मतदान करतो असं गृहीत धरलेलं. नाक्यावर उभं राहून हे कधीच कळलं नसतं. ओढ्यापलीकडे जाऊन नावं शोधली म्हणून कळलं.

काही नावं सापडणारच नाहीत. कुणी मयत, कुणी स्थलांतरित, कुणाचं नाव दुबार. लेक लग्न होऊन सासरी गेली तरी माहेरच्या यादीत तशीच. अशा वेळी बीएलओला गाठ, म्हणजे बहुतेक वेळा झेडपीच्या शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई. गावात कोण कुठे गेलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तरीही माणूस मिळालाच नाही तर बदली नाव घेऊ नकोस. फॉर्मवर कारण लिही आणि पुढे जा. किती जण का मिळाले नाहीत, याचं वेगळं कोष्टक कर आणि ते प्रबंधात छाप. माझ्या मते प्रबंधातलं सगळ्यात प्रामाणिक पान तेच असतं आणि गाइड नेमकं तेच गाळायला सांगतात.

वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रावरून ठरवू नकोस. बीडमध्ये काम करायचं तर डिसेंबर-जानेवारीत जाण्यात अर्थ नाही. ऊसतोडीचे कोयते तेव्हा कारखान्यांच्या फडात असतात. एक कोयता म्हणजे एक जोडपं, मागे राहतात म्हातारे आणि शाळेतली पोरं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, ऐन तोडणीच्या तोंडावर. लोकसभेला एप्रिल-मेमध्ये हीच माणसं गावात होती. तेव्हा बीडच्या कोणत्याही केंद्रावर मतदान कमी-जास्त झालेलं दिसलं, तर 'नाराजी' वगैरे लिहिण्याआधी मुकादमाकडे जाऊन विचार, टोळ्या कधी हलल्या.

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांबद्दल एवढंच, की वॉचमनशी गोड बोल आणि सेक्रेटरीच्या नावचं विद्यापीठाचं पत्र जवळ ठेव. तरीही निम्मे दरवाजे उघडणार नाहीत. ते लिहून ठेव.

बायकांच्या मुलाखतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण याबद्दल पुस्तकात कुणी नीट लिहीत नाही. नाव बाईचं असतं आणि उत्तर नवरा देतो. "तिला काय कळतंय, माझंच लिहा." त्याच्याशी वाद घालायचा नाही. जोडीनेच जायचं. तुझ्याबरोबरच्या मुलाने नवऱ्याला अंगणात घ्यायचं आणि पाटपाणी, ऊस कुठल्या कारखान्याला गेला, दर काय मिळाला, सोसायटीचं कर्ज, सगळं आस्थेने विचारायचं. त्यालाही ऐकणारं कुणी तरी हवंच असतं. तू आत जा. बाई निवडत-टिपत असेल तर तिचं काम थांबवू नकोस. हात चालू असले की बाया मोकळ्या बोलतात. प्रश्नावली मांडीवर ठेव, तोंडासमोर धरू नकोस.

मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नाही. लोकनीतीचे लोक लुटुपुटीची मतपेटी आणि चिन्हं छापलेली मतपत्रिका घेऊन हिंडतात, तीच रीत धर. पेटी पुढे केली की चेहरा कसा पालटतो ते बघच. आत्तापर्यंत "आम्हाला काय कळतंय बाई राजकारणातलं" म्हणणारी म्हातारी पदर सावरून बसते. पत्रिका डोळ्यांजवळ नेते, लांब नेते, चिन्हांवरून बोट फिरवते. मग तुझ्याकडे पाठ करून खूण करते. घडी घालते, तिची परत घडी घालते, दाराकडे एक नजर टाकते आणि कागद पेटीत सोडून पेटी हलवून बघते, आत गेला ना म्हणून. आपण तेव्हा दुसरीकडे बघायचं. पत्रिकेवर नाव कधीच टाकायचं नाही, मुलाखतीचा क्रमांक फक्त. मुकुलिका बॅनर्जींनी 'व्हाय इंडिया व्होट्स?' या पुस्तकात रांगेबद्दल, शाईबद्दल, मतदानाच्या दिवशी माणसांना वाटणाऱ्या मानाबद्दल जे लिहिलंय, ते पटायला हा एक प्रसंग पुरतो.

महिला सरपंचांकडे जाताना फोनवर स्पष्ट सांग, "सरपंचताईंनाच भेटायचंय." नाही तर पांढरा शर्ट घातलेले पतिराज हजर होतात. आपल्याकडे २०११पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण कारभार कोण करतं हे गावागणिक वेगळं. पतिराजांना बघून लगेच 'बाहुली सरपंच' असं लिहून मोकळी होऊ नकोस. मासिक सभेची इतिवृत्तं माग. सही आणि अंगठे बघ, कुठला विषय कुणी मांडला ते बघ. पहिल्या वर्षी नुसती सही करणारी बाई तिसऱ्या वर्षी ठेकेदाराचं बिल अडवते, असंही त्याच रजिस्टरात सापडतं.

जात शेवटी विचारायची, आणि खुली विचारायची. पर्यायांची यादी वाचून दाखवायची नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, वर्गवारी रात्री मुक्कामी बसून कर. हल्ली तर फारच जपून. २०१८चा मराठा आरक्षणाचा कायदा, तो २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करणं, २०२४चा नवा कायदा, कुणबी नोंदींचा शोध, या सगळ्यामुळे 'मराठा' आणि 'कुणबी' या उत्तरांना आता कागदपत्रांचं वजन आलंय. एकाच घरात थोरला एक सांगतो, धाकटा दुसरं. दोघांचंही लिही. आणि वर्तमानपत्रात अमुक जात राज्यात तमुक टक्के असं वाचशील, तेव्हा लक्षात ठेव की सगळ्या जातींची शेवटची शिरगणती छापली गेली ती १९३१ची. पुढचे बहुतेक आकडे तिच्यावरूनच ओढून ताणून आणलेले आहेत.

आता कागद. फॉर्म २० हा तुझा मुख्य आधार. मतदान केंद्रवार कुणाला किती मतं पडली, ते त्यात असतं, आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. बऱ्याचदा स्कॅन केलेला असतो, तेव्हा प्रत्येक रकान्याची बेरीज स्वतः कर. दोन निवडणुकांची केंद्रं नुसत्या क्रमांकावरून जुळवू नकोस. मधल्या काळात सुसूत्रीकरण होतं आणि क्रमांक सरकतात. शाळेचं नाव, खोली, यादीचा भाग, या तिन्हींवरून जुळव. फार मागे जाऊ नकोस. २००८च्या पुनर्रचनेत कराड आणि इचलकरंजी हे लोकसभा मतदारसंघच नकाशावरून गेले, माढा आणि हातकणंगले नव्याने आले. २००४ आणि २००९ची तुलना करणारे लेख अजून छापून येतात, ते वाचून हसायचं आणि पान उलटायचं.

तयार डेटासेट मिळतात हल्ली, अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राचं 'लोकढाबा' वगैरे. कष्ट वाचतात, जरूर वापर. पण 'अपक्ष' या रकान्यापाशी थांब. १९९५च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. संगणकाच्या लेखी ते बिनपक्षाचे. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार उभं राहिलं त्यातही त्यांचा हात होता. तालुक्यातल्या जुन्या वार्ताहराला विचारलंस तर तो कोण कुणाचा माणूस ते पाठ म्हणून दाखवेल. नामसाधर्म्याचंही तेच. २०१४ला रायगडमध्ये अनंत गीते सुनील तटकऱ्यांविरुद्ध सुमारे २,१०० मतांनी जिंकले, आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांवर मतं पडली. नावं जुळवणारा प्रोग्राम अशा दोघांना एक करून टाकतो.

ग्रामपंचायतीचे निकाल पक्षवार म्हणून कधीही वापरायचे नाहीत. त्या निवडणुका पक्षचिन्हावर होतच नाहीत. निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्याच सर्वाधिक ग्रामपंचायती आल्याचं जाहीर करतो, आणि सगळ्यांचे दावे एकत्र केले तर गावांपेक्षा जास्त भरतात.

तुझ्या प्रश्नाकडे येते. विधानसभेच्या निकालानंतर जो तो म्हणाला, 'लाडक्या बहिणींनी' फिरवलं. 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यात आले आणि बायकांनी मतं दिली. असेलही. पण मतदान यंत्रातून बाईचं मत आणि बाप्याचं मत वेगळं निघत नाही. किती बायकांनी मतदान केलं हे आयोग सांगतो. त्यांनी कुणाला दिलं हे कुठल्याही सरकारी कागदावर नसतं. ते फक्त सर्वेक्षण सांगू शकतं. तेव्हा 'बायकांची इतके टक्के मतं' असं कुणी म्हटलं की विचारायचं, किती बायकांना विचारलंत? १,००० जणांच्या चांगल्या नमुन्यात आकडा साधारण ३ टक्के इकडे-तिकडे धरायचा. त्यातल्या ५०० बायकांपुरतं बोललीस तर ४ टक्क्यांच्या वर. आणि 'ओबीसी शेतमजूर महिला' असा साठेक जणींचा गट पाडलास, तर १२-१३ टक्के वर किंवा खाली. पुन्हा हे हिशेब सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याचे. केंद्रं निवडून मग माणसं निवडली की चूक आणखी वाढते. साठ जणींवरून मथळे होतात, प्रबंध करू नये.

आधीच्या निवडणुकीतलं मत विचारशील तेव्हा आणखी एक खोच आहे. आठवण जिंकणाऱ्याकडे झुकते. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं नाही, पण निकालानंतर जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे प्रत्यक्ष मतांपेक्षा जास्त निघतात. मतदान केलंच नाही असं कबूल करणारे तर नेहमीच कमी. यावर उपाय तुझ्या हाताशी आहे: ज्या केंद्रांवर मुलाखती घेतल्यास त्यांची फॉर्म २०मधली टक्केवारी काढ आणि तुझ्या नमुन्याची टक्केवारी शेजारी मांड. तफावत किती, ती कुठल्या केंद्रावर जास्त, ते लपवू नकोस. उलट तिथेच खोद.

वाचनाचं फार सांगत नाही, तुमच्या याद्या आमच्यापेक्षा लांब असतात. कोठारींचं 'पॉलिटिक्स इन इंडिया' वाचलंच असशील. व. म. सिरसीकरांनी १९६२च्या निवडणुकीचा पुण्यात केलेला अभ्यास मात्र ग्रंथालयातून शोधून काढ. हाताने कोष्टकं मांडायच्या काळात किती नेटकं काम होत होतं ते दिसेल. आणि पळशीकर व सुहास कुलकर्णी यांनी संपादित केलेलं 'महाराष्ट्रातील सत्तासंघर्ष' जवळ ठेव. ज्या गावकऱ्यांवर लिहितेस त्यांच्या भाषेत ते आहे.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. मतपत्रिकांच्या काळात गरज पडली तर बऱ्याच केंद्रांच्या पत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळायची सोय होती. २००४च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा, लख्ख दिसायला लागला. यंत्रांची मतं एकत्र करणारं टोटलायझर आयोगाने सुचवलं होतं, विधी आयोगानेही २०१५मध्ये शिफारस केली, पण ते वापरात आलेलं नाही. आपल्यासारख्या संशोधकांना ही पर्वणी आहे. वस्तीला मात्र नाही. एखाद्या केंद्रावर सगळी एकाच वाडीची मतं असतात, आणि निकालानंतर पुढारी येऊन विचारतात, "तुमच्याकडून लीड का नाही मिळालं?" मग रस्ता अडतो, पाण्याची टाकी दुसऱ्या वाडीला जाते. फॉर्म २० जाहीरच आहे, तो तू लपवू शकत नाहीस. पण त्यात नसलेली भर तू घालू नकोस. 'या केंद्रावरच्या अमुक समाजाने अमुक पक्षाला नाकारले' असं वाक्य केंद्राच्या नावानिशी छापायचं नाही. गावाला टोपणनाव दे, केंद्रं पाच-सहांच्या गटात मांड. मुलाखतींच्या फायलीतून नावं आणि पत्ते पहिल्याच आठवड्यात वेगळे काढ, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेव, आणि त्या पेनड्राइव्हवर 'फील्डवर्क' असं ठळक लिहून टेबलावर सोडू नकोस.

आकडे मागायला माणसं येतीलच. कुणी कार्यकर्ता गोड बोलून, "मॅडम, आमच्या भागात कसं दिसतंय?" कुणी उमेदवाराचा भाचा गाडी घेऊन, "सोडतो की तुम्हाला स्टँडवर." गाडीत बसायचं नाही. सर्वेक्षणाच्या काळात कुठल्याच पुढाऱ्याच्या गाडीत बसायचं नाही. त्या गाडीतून उतरताना गावाने बघितलं की उद्या पेटीत पडणारे कागद वेगळे असतात. उत्तर तयार ठेव: पेट्या पुण्याला गेल्यावर फुटतात, माझ्याकडे काही नाही. आणि ते खरंच असू दे, संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर पेटी उघडून बघायचा मोह तुझ्या मुलांना होणार आहे. कुलपाची किल्ली स्वतःकडे ठेव.